सरकत्या जिन्यापाशी काढलेल्या चपला

रफीक,

तुझ्या जनाज्याला खांदा द्यायला मी अगदी वेळेवर पोचलो होतो. पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल, दुकान दिवसभर बंद. पण तुमच्याकडे खांदा किती पटापट बदलतात हे मला ठाऊक नव्हतं. दांडा खांद्याला लागतो न लागतो तोच मागून कुणीतरी मला हळूच बाजूला सारलं, त्यालाही दुसऱ्या कुणी सारलं, आणि बघता बघता तू माणसांच्या डोक्यांवरून पुढे निघून गेलास. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. शेजारी आपल्या मॉलच्या खालच्या मजल्यावरचे चांदीवाले काका होते. ते म्हणाले, "काय गर्दी हाये हो रफीकभाईले! अख्खं खामगाव आलं." आणि खरं सांगतो, तिथे उभ्या उभ्या मला तुझा हेवा वाटला. डोळे भरून आले होते, आणि पोटात ते जुनं ओळखीचं जळणंही सुरू होतं. माझ्या वेळी एवढी माणसं येतील का, हा विचार मी तुझ्या मय्यतीत केला. तू असतास तर तुलाच बोलून दाखवला असता, आणि तू म्हणाला असतास, "आधी मरून तर पाह्य बे."

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही आणि माझ्यापुढे एक प्रश्न येऊन पडला. आपल्या नक्षत्र मॉलचा पहिला मजला एका मोबाइल-टीव्हीच्या मोठ्या कंपनीला पाहिजे होता. सगळाच्या सगळा. तुझं साड्यांचं दुकान, समोरचं माझं गाद्या-चादरी-पडद्यांचं दुकान, आणि दोघांच्या मधली मोकळी फरशी, जिच्यावर तुझी ती गादी अंथरलेली असते. मला ते खाली कोपऱ्यावरची जागा देणार होते, वाईट नव्हती. तुझ्या इम्रानला पुण्याची नोकरी सोडायची नाही. शकीलाभाभी म्हणाल्या, "विलासभाऊ जो बोलेंगे वो." मॉलचे मालकही म्हणाले, "विलासराव, तुम्ही म्हणाल तसं. सोमवारी सांगा." गादी उचलायची, काचेचे काउंटर लावायचे आणि सरकता जिना पुन्हा चालू करायचा. मॉलने मॉलसारखं दिसायचं. इतकी वर्षं मी तुझ्याशी याच गोष्टीसाठी भांडलो. म्हणजे भांडण मी जिंकलो होतो, फक्त ते ऐकायला तू नव्हतास.

आठवतं ना, या मॉलमध्ये तुला मीच आणलं होतं. जुन्या बाजारातल्या गल्लीत आपली दुकानं भिंतीला भिंत लावून होती. तू म्हणालास, "आपल्या लोकायले गल्लीच बरी वाटते, विल्या. काचंतून पाह्यलेलं कापड घेत नाहीत ते." मीच तुला ओढून नेलं. गार हवा, चकचकीत फरशी आणि तो जिना. जिल्ह्यात दुसरीकडे कुठे असा जिना आहे, असं मी सगळ्यांना विचारत फिरत होतो. उद्घाटनाच्या दिवशी जिन्यावरून पहिला मी गेलो. हात सोडून. तू बाजूच्या साध्या पायऱ्यांवरून चढून माझ्या आधी वर पोचलास आणि वरून हात हलवलास. तेव्हापासूनच तू माझ्या पुढे, बघ.

पुढे काय झालं ते तू पाहिलंसच. लोक यायचे, गारव्याला बसायचे, जिन्यापुढे फोटो काढायचे आणि खरेदीला बाजारातच जायचे. हळूहळू एकेक शटर खाली राहू लागलं. वरच्या मजल्यावरचा खेळण्यांचा हॉल बंद झाला, मग कपड्यांचं मोठं दुकान गेलं, मग गार हवाही दुपारपुरतीच उरली. कबुतरं आत शिरली ती बाहेर जाईनात. मी काही स्वस्थ बसलो नव्हतो. नागपूरचे मॉल पाहून आलो, दिवाळीला सोडत काढली, जादूगार आणला, मुलांसाठी फुग्यांचं घर उभं केलं. तू प्रत्येक वेळी मला मदत केलीस, फुगे फुगवलेस, आणि संध्याकाळी म्हणालास, "मजा आली. आता धंदा कवा करायचा?" मला इतका राग यायचा, कारण उत्तर तुझ्याकडेही नव्हतं आणि तरी तू मजेत असायचास.

मग ती वरवट बकालची माणसं आली. आजही लोक तो किस्सा सांगतात आणि तू हयात असताना दहा जणांसमोर मी तो नीट करून सांगायचा प्रयत्न केला, कुणी ऐकलं नाही. तर आता तुलाच सांगतो, तुला तर खरं माहीतच आहे. ती माणसं लग्नाचा बस्ता बांधायला निघाली होती. दोन्हीकडची मंडळी, मामे, आत्या, करवल्या, गाडीभर. गल्लीतलं तुझं जुनं दुकान शोधत शोधत मॉलमध्ये आली. तुझ्या दुकानात चार उंच स्टुलं आणि काचेचं काउंटर, तेही मीच निवडलेलं. बस्त्याला आलेली वीस-पंचवीस माणसं उभी. उभ्या उभ्या कुणी शालू निवडतं का? नवरीची आजी वैतागली आणि सरळ बाहेरच्या मोकळ्या फरशीवर फतकल मारून बसली. "माह्याच्यानं नाही होत बाप्पा उभं राहनं. बसाले काही हाये का नाही?"

तू माझ्याकडे पाहिलंस. आणि मी, रफीक, मी माझ्या दुकानातून गाद्या काढून दिल्या. नव्याकोऱ्या, अस्सल कापसाच्या, माझ्या हाताखाली भरलेल्या. वर पांढऱ्या चादरी, त्याही माझ्या. तू त्या फरशीवर अंथरल्यास, मध्ये मांडी घालून बसलास, साड्यांचा ढीग पुढे ओतलास आणि म्हणालास, "बसा आता मायबाई. पाय मोकळे करा. घाई कोणाले हाये?" माणसं संध्याकाळपर्यंत उठली नाहीत. कचोऱ्या आल्या, चहा आला, दोन आत्यांचं भांडण होऊन मिटलं, आणि शेवटी बस्त्याची गाठ मारून तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं गेलं, ते माझ्या गादीवर. दुसऱ्या आठवड्यात त्यांचे सोयरे आले. आणि सगळे म्हणू लागले, "रफीकभाईची गादी." माझ्या गाद्यांवर बसून लोक तुझं कौतुक करत होते आणि मी समोरच्या दुकानात उशांना खोळी घालत ते ऐकत होतो.

गादीवर चपला घालून कोण बसणार? म्हणून चपला काढायच्या. कुठे काढायच्या, तर खाली, जिन्यापाशी, म्हणजे वरती ढीग नको. आणि अनवाणी बायामाणसांना त्या सरकत्या दातेरी पायऱ्यांवर कसं पाठवायचं? म्हणून तू जिना बंद करायला लावलास. माझा जिना! बंद पडलेल्या लोखंडी पायऱ्यांवरून साखरखेर्डा, देऊळघाट, कुठकुठच्या म्हाताऱ्या एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात कठडा धरून अनवाणी चढू लागल्या, आणि खाली काचेतून रस्त्यापर्यंत दिसेल असा चपलांचा ढीग लागला. मी मालकाकडे तक्रार केली. मालक म्हणाले, "विलासराव, त्या चपला पाहून लोक आत येऊन राहिले. राहू द्या." खरंच येत होते. जिथं इतक्या चपला तिथं काहीतरी असेल, असं म्हणून रस्त्यावरून जाणारा माणूस डोकावायचा. चांदीवाल्यांनी खाली दुकान घातलं ते त्या ढिगाकडे बघूनच. मग भांड्यांचं दुकान, मग पत्रिका छापणारा, मग बांगड्यांचं. माझ्याही गाद्या-उशा नवरीच्या आंदणात जाऊ लागल्या, ते नाकारत नाही. पण मला मॉल पाहिजे होता, आणि तू त्याचा बाजार करून वाचवलास.

"मॉल म्हंजे तरी काय बे? बाजारच ना, वर छत असलेला," तू म्हणायचास.

"मग गल्लीतच राहिलो असतो की!"

"मंग कबुतरायले कोण हाकललं असतं?" आणि हसत सुटायचास. जिना कधी चालू करायचा विचारलं की, "ही लगीनसराई उतरू दे, मंग पाहू." लगीनसराई उतरली की दिवाळी, दिवाळी झाली की पुन्हा तिथी निघायच्या. ते भांडण आपण इतकं पुरवून पुरवून वापरलं की त्याच्याशिवाय आपला दुपारचा चहा गोड लागत नव्हता.

माझं जळणं दुकानापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण घरी सुनीता! आमच्या हॉलला पडदे घ्यायचे होते. मी पडद्यांचा व्यापारी, उभा जन्म पडदे विकण्यात गेला, आणि माझी बायको तुला फोन करून विचारते, "रफीकभाई, भिंत पिस्ता रंगाची आहे, कोणता शोभेल?" तू सांगितलास आणि तो शोभला. आजही तो पडदा सरकवताना मला तू आठवतोस, आता तर जास्तच, आणि तोंड कडू होतं.

आणि पल्लवीचा बस्ता. माझ्या एकुलत्या एका मुलीचा बस्ता तुझ्या गादीवरच बसणार हे घरात कुणी मला विचारलंदेखील नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून गादीवर बसलो. मी निवडलेला मोरपंखी शालू पल्लवीने बाजूला ठेवला. तू लाल-केशरी काढलास, खांद्यावर पदर टाकलास, कमरेशी निऱ्या धरल्यास आणि आपली मेंदीने रंगवलेली दाढी जरा वर करून उभा राहिलास. तुझ्याइतका धिप्पाड माणूस शालूत असा दिसतो की हसू यावं, पण कुणी हसायचं नाही. त्या कापडात आपली मुलगी कशी दिसेल ते सगळ्यांना दिसायचं. पल्लवी म्हणाली, "हाच, काका." मी मोरपंखी शालूची घडी घालू लागलो. प्रत्येक बस्त्यात कुणीतरी रुसतं. तुझा त्यावरचा उपाय मी समोरच्या दुकानातून शेकडो वेळा पाहिला होता: रुसलेल्या माणसाला जवळ घ्यायचं, साडीचं टोक त्याच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, बाकीच्यायले काही समजत नाही, तुम्हीच जरा उजेडात पाहून सांगा. मामा असो की आत्या, माणूस साडी घेऊन खिडकीशी जातो, उलटीसुलटी करून पाहतो, आणि परत येतो तेव्हा ती साडी त्याने निवडलेली असते. तू माझ्याकडे सरकलास. पदर माझ्या हातात दिलास. "विलासभाऊ, या पोरीले काय समजते? तुम्ही जरा उजेडात पाहा बरं." मला सगळं कळत होतं, रफ्या. तरी मी उठलो आणि खिडकीशी गेलो. काठ पाहिला, जर पाहिली, आणि परत येऊन म्हणालो, "हं, बरा आहे. हाच घ्या." तुझे डोळे चमकले ते मी पाहिले. ते अजून माफ केलेलं नाही.

व्यापारी मंडळाने तुझा सत्कार केला तेव्हा मी पाचव्या रांगेत होतो. बुडत्या मॉलला वाचवणारा माणूस, असं काहीबाही ते बोलले. तू माइकपाशी गेलास आणि म्हणालास, "माह्यं काय हाये त्यात? मॉलात आणलं विलासनं, गादी विलासची. मी फक्त बसलो." टाळ्या पडल्या. मला वर बोलावलंस आणि मी गुडघा दुखतो असा हात करून जागेवरच राहिलो. तू श्रेय दाबून ठेवलं असतंस तर निदान भांडायला तोंड होतं. तू ते सगळ्यांसमोर असं ओंजळभरून द्यायचास की घेताना माणूस लहानच दिसावा. खाली येऊन तू तुझी शाल माझ्या गळ्यात टाकलीस. "घे बे, गादीवाल्याले शाल." मी ती दुकानात ठेवली आहे. पांघरली एकदाही नाही, आणि गिऱ्हाइकाने किंमत विचारली की विकाऊ नाही म्हणून सांगतो.

तर परवाची गोष्ट सांगायची आहे, त्यासाठीच हे सगळं.

कंपनीची माणसं जागा पाहायला येणार म्हणून सकाळी मिस्त्रीने जिना चालू केला. इतक्या वर्षांनी. आधी करकरला, मग लागला सरकू. मी खाली उभा राहून पाहत होतो. रिकाम्या पायऱ्या वर वर जात होत्या आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. तेवढ्यात दारात गाडी थांबली. साखरखेर्ड्याची मंडळी. त्यांच्या थोरलीचा बस्ता तुझ्या गादीवर झालेला, आता धाकटीचा. तुझ्याशी फोनवर दिवस ठरवला होता म्हणे, आणि तू गेल्याचं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांनी सवयीने जिन्यापाशी चपला काढल्या, आणि मग समोर पाहून सगळी जागच्या जागी थांबली. आजीने पुढे टाकलेला पाय मागे घेतला.

"हे काय चालू केलं बाबा? आन् भाई कुठायत?"

मी सांगितलं. आजी तिथेच, चपलांशेजारी, खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने नवरीचा बाप हळूच म्हणाला, "आता मग बस्त्याचं दुसरीकडं बघावं लागंल, आई." चुकीचं काही बोलला नाही. त्यांना जाऊ दिलं असतं की काम झालं. ती मंडळी पायात चपला घालू लागली. आजी आपली एक चप्पल शोधत होती. आणि मला वाटलं, आज या चपला गेल्या की हा ढीग पुन्हा लागायचा नाही.

"बंद कर तो जिना," मी मिस्त्रीला म्हणालो.

"काऊन? कंपनीवाले येऊन राह्यले ना शेठ."

"बंद कर म्हणतो ना बे!" तुझा 'बे' माझ्या तोंडून इतक्या जोरात निघाला की वरची कबुतरं उडाली असती, जर तू ती हाकलली नसतीस.

मी आजीचा हात धरला आणि आम्ही चढलो. तुझ्या जागेवर मी आजवर कधी बसलो नव्हतो. बसलो तर काय, तुझ्या वजनाने गादीत ही एवढी खळगी पडलेली! कितीदा म्हणालो होतो, दे, कापूस पिंजून परत भरतो, तू ऐकलं नाहीस. मी त्या खळगीत एका अंगाला कलंडून बसलो. तुझ्या दुकानातला गजानन साड्या काढून देत होता आणि माझ्याकडे काळजीने पाहत होता. तासाभरात नवरीचा मामा रुसला. मला मनापासून बरं वाटलं. मी सरकलो, साडीचं टोक त्याच्या हातात दिलं. "मामा, यांना काही समजत नाही. तुम्ही जरा उजेडात पाहा बरं." गेला की रे खिडकीशी! अगदी मी गेलो होतो तसाच.

शालूवर मात्र गाडं अडलं. पोरीला काही ठरवता येईना. गजानन माझ्याकडे पाहू लागला, मग सगळेच. मी उठलो. पदर खांद्यावर घेतला, तो घसरला, पुन्हा घेतला. निऱ्या हातात मावेनात. समोर माझ्याच दुकानातला आरसा होता, त्यात एक काडीसारखा माणूस शालू सावरत उभा होता. आजीने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "रंग चांगलाय बाबा. पण त्या भाईच्या अंगावर लई बरं दिसायचं."

आधी नवरी हसली, मग सगळी गादी. आजी हसता हसता डोळे पुसत होती. आणि माझ्या पोटात पेटलं, रफ्या. तू मातीखाली, मी शालूत उभा, आणि तरी तूच बरा. तू गेल्या दिवसापासून मला नुसतं पोकळ पोकळ वाटत होतं. तशा त्या पोकळ जागी हे जळणं आलं आणि मला एकदम तू समोरच्या दुकानात बसला आहेस असं वाटलं. रडूही तेव्हाच आलं, त्या शालूतच. आजी म्हणाली, "रडू नको, जरीला डाग पडंल." शालू तोच घेतला त्यांनी.

काल, सोमवारी, मालकांना सांगून टाकलं. गादी राहील, जिना बंद राहील, चपला खालीच. शकीलाभाभींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वो तो बोलतेच थे, विल्या बैठेगा." कधी बोललास, मला का नाही बोललास, हे आता कुणाला विचारू? जाऊ दे. गादी मी पिंजायला देणार होतो, नाही दिली. खळगी आहे तशी आहे. पुढच्या रविवारी देऊळघाटचा बस्ता आहे, त्यांनीही तुला शालूत पाहिलेलं आहे. मी दाढी वाढवतो आहे. मेंदीचं अजून ठरवलं नाही. घरी आरशासमोर सुनीताची साडी घेऊन निऱ्या धरून पाहतो, तर ती म्हणते, रफीकभाई अशा नव्हते धरत. मला माहीत आहे तू कशा धरायचास, मी समोरच तर बसायचो. पण एक ऐकून ठेव. तुझ्यापेक्षा बरा दिसल्याशिवाय मी त्या गादीवरून उठणार नाही.

तुझा विल्या